सात आसरा नव्या नियमांत

रवि., ५ जानेवारी १९८६. भिसेगाव

पेटी आली! प्रभाकर भावोजींनी सायकलच्या कॅरिअरला बांधून आणली, वर टॉवेल गुंडाळून, जशी काही आत अंडीच आहेत. रसायनीच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेला तो गोरा इंजिनीअर जाताना भावोजींना खेळाचं जुनं पुस्तक देऊन गेला होता. आता त्यानंच नवं पाठवलंय. नवे नियम, नवे फासे. चार पैलूंचा, आठ पैलूंचा, बारा पैलूंचा आणि एक वीस पैलूंचा! आजवर बिचारे ल्यूडोच्या फाशावर भागवत होते.

हे, भावोजी आणि कुंभिवलीचा चंदू. दर रविवारी दुपारी आमच्या पुढच्या खोलीत खेळ. लग्न होऊन आल्यापासून मी चहा करते आणि दारात उभी राहून ऐकते. आज आत जाऊन बसले. कुणी ऊठ म्हणालं नाही.

सासूबाईंनी फासे बघितले आणि कपाळाला आठ्या. "जुगार हाय का गं ह्यो?"

नाही हो आई, म्हटलं. एक जण सूत्रधार असतो. तो सांगतो, समोर रान आहे, झाडावर काहीतरी हलतंय. बाकीचे सांगतात आपापला गडी काय करतो ते. मग फासा टाकायचा, आणि तो सांगेल ते खरं.

"आन पैसं?"

पैसे नाहीत.

"मग कशापायी खेळतात?"

मी चहाचं आधण ठेवायला उठले.

मंगळ., ७ जाने.

पुस्तक यांनी मागून घेऊन घरी ठेवलंय. हे कारखान्याच्या बसला गेले की माझंच राज्य. शेजारी डिक्शनरी. जेवणं उरकल्यावर बसते ते गाई येईपर्यंत.

जुन्या पुस्तकातले परदेशी राक्षस या तिघांच्या डोळ्यांपुढे येईनात, म्हणून भावोजींनी (यापुढे प्र.भा., हात दुखतो) त्यांच्या जागी आपली भुतं घातली होती. मुंजा, चकवा, खवीस, गिऱ्हा. प्रत्येकाचा एक पुठ्ठा, पुठ्ठ्यावर एक आकडा. मुंजा, बळ चार. खवीस, बळ नऊ. संपलं.

नव्या नियमांना एवढ्यानं भागत नाही. जीव किती, फटका लागायला किती अवघड, मार केवढा, हिंमत किती. आणि सगळ्यात सुंदर म्हणजे पहिली भेट! भूत भेटल्या भेटल्या अंगावर येतं, की नुसतं बघत राहतं, की बोलतं, ते दोन फाशांवर ठरायचं. कमी पडलं तर राग, जास्त पडलं तर लोभ. म्हणजे दिसलं की मारायलाच हवं असं नाही! तीन वर्षं हे लोक नुसती हाणामारी करत होते.

वाचून एकटीच खोलीत फिरले. कुणाला सांगू असं झालंय.

गुरु., ९ जाने.

मुंजा बसवला. जीव थोडा, पोरसवदा आहे बिचारा. हिंमत कमी. पण पिंपळाखाली त्याला फटका लागणं महाकठीण, पारापासून दूर नेला तर सोपा. आणि पहिल्या भेटीत कुणी त्याच्या लग्नाचा विषय काढला तर दोन आकडे वाढवायचे. लग्नाविना राहिलेला आहे, खूश होणारच!

यांना जेवताना दाखवलं. ह्यांचा घास हातातच. "हे तू केलंस?" मग बराच वेळ वाचत बसले, आमटी गार झाली. शेवटी म्हणाले, प्रभाकरला दाखवायला हवं.

रवि., १२ जाने.

दाखवलं. प्र.भां.नी मुंजा दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला. म्हणाले, "वहिनी, तीन वर्षं मीच सूत्रधार आहे. मला एकदाही गडी होऊन खेळता आलेलं नाही. तुम्ही भुतं नव्या नियमांत बसवा आणि चालवून दाखवा. खेळ उभा राहिला तर ही खुर्ची तुमची, कायमची. नाही राहिला तर आपलं जुनं पुस्तक बरं."

चंदू म्हणाला, "वयनी सूत्रधार? मंग च्या कोन करनार?"

हसले सगळे. मीही हसले. पण मला ती खुर्ची हवी आहे. इतकी की स्वतःचीच लाज वाटावी. शाळेत कधी मॉनिटर व्हावंसं वाटलं नाही, आणि आता हे.

मंगळ., १४ जाने. संक्रांत

पहिला सण. काळी साडी, हलव्याचे दागिने, बायकांनी अंगण भरलेलं. सा.बा. कौतुकानं मिरवत होत्या मला, आणि मी डोक्यात चकवा घेऊन बसलेली. चकव्याला अंगच नाही! त्याला फटका कुठे मारणार? जीव किती लिहिणार? नव्या पुस्तकात रिकामी जागा ठेवायची सोय नाही.

एका काकूंनी नाव घ्यायला सांगितलं. घेताना मध्येच अडखळले. बायकांना वाटलं लाजले.

शनि., १८ जाने.

सुटला! तांदूळ निवडताना सुटला. सूप तसंच ठेवून धावले वही आणायला.

चकवा लागला की काय करतात? धावतात. जितकं धावाल तितके तिथंच. आणि सुटका कशी? जागच्या जागी बसायचं, विडी पेटवायची, तो कंटाळून जातो. म्हणजे चकव्याला जीव नकोच, त्याला फक्त हिंमत! कुणी खाली बसलं की चकव्याच्याच हिंमतीचा फासा टाकायचा. पळत राहिले तर गड्यांचे जीव कमी होत जायचे. नियम मोडला नाही, रिकामी जागा नाही, आणि चकवा अस्सल चकवा!

यांच्यावर करून बघितला. दोनदा पळाले, तिसऱ्यांदा म्हणाले, "थांब, मी बसतो." त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी टाळ्या वाजवल्या. आतून सा.बा.: "दिवेलागनीला भुतांची नावं नगा घेऊ रं."

बुध., २२ जाने.

आता माझं स्वतःचं भूत. प्र.भां.च्या पुठ्ठ्यांत नसलेलं. भूत तरी कसं म्हणू, देवताच त्या. सात आसरा.

आमच्या माहेरी, खालापूरच्या अलीकडे, शेताच्या कडेला डोह आहे. पेरणीच्या आधी आई तिथं जाते. खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. ओटी भरते, पाण्याला हात लावते, मागं न बघता परत येते. मी तिचा पदर धरून जायचे. एकदा मागं बघितलं होतं. काही नव्हतं, नुसतं पाणी, तरी रात्रभर ताप.

हे सगळं आकड्यांत कसं मावायचं? जीव लिहिताना हात चालेना. शेवटी लिहिलं, प्रत्येकीला पुष्कळ जीव, फटका लागणं जवळपास अशक्य. त्यांना मारायचंच नाही मुळी. सगळं पहिल्या भेटीवर. पाच किंवा कमी पडले तर पाय धरतात नि सोडत नाहीत. ओटी भरली तर पुन्हा भेटीचा फासा, आणि वर दोन मिळवायचे. वाचून अंगावर काटा आला. हेच चांगलं झालंय सगळ्यात.

रवि., २६ जाने.

सकाळी झेंडावंदन, दुपारी खेळ. मी खुर्चीत!

सुरुवातीला आवाज फुटेना. मग पिंपळ सांगितला, पानं हलत नाहीत पण एक फांदी हलतेय असं म्हटलं, आणि चंदू पुढं सरकला. तिथून मी मोकळी.

चंदूचा गडी सर्जा, कुऱ्हाडवाला. यांचा निळोबा, मंतर-तंतर करतो. आणि प्र.भां.चा नवाकोरा वैद्यबुवा. मुंजा दिसताच सर्जानं कुऱ्हाड उचलली, तर वैद्यबुवा मध्ये! "बाळ, तुझी मुंज झाली, लग्नाचं बघायचं का?" मी काही सुचवलेलं नव्हतं हो! फासे पडले दहा. मुंजा खाली उतरून त्यांच्याबरोबर वाटेला लागला. चंदू म्हणतो, "खोपोलीची पोरगी बगू तुला, पन हुंडा नाय मिळनार."

चकव्यात मात्र दमले. सर्जा धावून धावून अर्धा जीव घालवून बसला. हे गप्प, कारण त्यांना आधीच ठाऊक. प्र.भां.नी ओळखलं आणि मांडी घालून खाली बसले, खरोखरच, खुर्चीवरून उतरून जमिनीवर! इतकं हसताना त्यांना मी कधी बघितलं नव्हतं.

जाताना म्हणाले, एक रविवार झाला, अजून एक बघू. झोप येत नाहीये.

रवि., २ फेब्रु.

बुडालं सगळं.

डोहाशी आणलं त्यांना. पलीकडच्या काठाला जायचं होतं. पहिल्या भेटीचे फासे पडले चार. पाय धरले तिघांचे. पाणी गुडघ्यापर्यंत.

सर्जानं कुऱ्हाड चालवली. पाण्यावर कुऱ्हाड! निळोबाचे मंतर संपले. वैद्यबुवांनी नारळ वाहिला. मी म्हटलं, नारळ तरंगतोय, त्या हलत नाहीत. मग कोंबडा कबूल केला. मग तिघांनी साष्टांग नमस्कार. मग चंदू म्हणाला, "दारू चालंल का त्येन्ला?" माझ्या जिभेवर शब्द नाचत होता, पण सूत्रधारानं सांगायचं नसतं. हे खूण करून विचारत होते, काय गं? मी मान वळवली.

प्र.भां.नी पेन्सिल खाली ठेवली. "वहिनी, राग मानू नका. हे भूत मोडकं आहे. ज्यातून सुटायला वाटच नाही ते नियमांत बसलेलं नाही." वाट आहे, मी म्हटलं. "मग ती खेळणाऱ्याला सापडायला नको?" पुढच्या रविवारी सुटलं तर सुटलं, नाहीतर जुनं पुस्तक.

रागानं रडले. पोळ्या करपल्या. हे म्हणाले, आकडे थोडे सोपे कर ना. यांच्याशी बोलत नाहीये.

सोम., ३ फेब्रु.

बोलले. सकाळी डबा देताना विचारलं, अहो, आसरांची ओटी भरतात हे तुम्हाला माहीत नाही?

"भरत असतील. मी कधी भरलीय ओटी?"

बस गेली आणि मी दारातच उभी.

खरंच की. ओटी बाई भरते. माझ्या बाबांना, भावाला डोहावर काय करतात ते कधी माहीतच करून घ्यावं लागलं नाही. आणि या तिघांना सुचलं असतं तरी काय उपयोग? सर्जा, निळोबा, वैद्यबुवा, तिन्ही बाप्ये! भरणार कोण? जाऊन गावातून कुणाला बोलवावं तर मी मांडलेल्या गावात एक पाटील, एक भगत, एक गुराखी. मी स्वतः बाई, आणि माझ्या गावात एकही बाई नाही! भूत नियमांत बसवताना आईचा पदर धरून चालले, आणि आईलाच बाहेर ठेवून आले.

प्र.भा. चुकले नव्हते. मोडकं होतं. पण भूत नाही, गाव.

बुध., ५ फेब्रु.

दोन दिवस हाच घोळ. नारळावर सोडून द्यावं का? एक ओळ खोडायची, 'ओटी'च्या जागी 'नारळ' लिहायचं. रविवारी सर्जा नारळ फोडेल, आसरा हसून बाजूला होतील, खुर्ची माझी. कुणाला कळणारही नाही.

पण मग त्या आसरा नव्हेतच. कोंबड्यानारळावर सुटणारं कुठलंही भूत. नाही खोडवत.

गावात बायका घातल्या मात्र. विहिरीवर चौघी आणि कडेच्या घरात एक म्हातारी. यात लबाडी नाही, गावात बायका असतातच. पण ते तिघे डोहात अडकलेले, पाय धरलेले. गावात जाणार कोण?

शुक्र., ७ फेब्रु.

सा.बां.चं हळदीकुंकू. वाण म्हणून चहाच्या गाळण्या. दिवसभर राबले, पाय सुजले. मामंजी वालाच्या शेतावर पळून गेले, ते बायका पांगल्यावर आले.

संध्याकाळी सा.बा. उरलेले खण घडी करत बसल्या होत्या. मी तबक घासत होते. एकदम म्हणाल्या, "त्या तिगांचं काय झालं गं? पाण्यातच हायत आजून?"

माझ्या हातातून तबक निसटलं. म्हणजे इतके रविवार या आतल्या खोलीत माळ ओढत बसतात ते कान इकडे लावून!

हो म्हटलं, पाण्यातच आहेत.

"बरं झालं," म्हणाल्या. "कुराड मारतात पान्याला. आक्कल नाय." आणि खण उचलून कपाटात ठेवायला गेल्या. मी काही बोलले नाही. बोलायला पाहिजे होतं का? सूत्रधारानं बाहेरच्यालाही सांगायचं नसतं, असं मीच ठरवलंय.

रवि., ९ फेब्रु. दुपार

आत्ता, या क्षणाला लिहितेय. खुर्चीतच बसलेय, समोर पुठ्ठा उभा करून. सगळ्यांना वाटतंय मी नियम बघतेय. हे चहा करायला गेलेत (आपणहून!), चहा आल्याशिवाय फासा टाकणार नाही असं सा.बां.नी सांगितलंय. सा.बां.नी! अक्षर बघा काय झालंय.

झालं असं. तिघे बसले. पाणी मांडीपर्यंत आलंय, लांब विहिरीवर चौघी, कडेच्या घरात एक म्हातारी, मी सांगितलं. पुन्हा तेच, मंतर, नारळ, हाका. चंदू कंटाळून म्हणाला, "बुडू दे रं सर्ज्याला, नवा गडी करतो." प्र.भा. घड्याळ बघत होते. संपलं असंच वाटलं.

आणि आतून आवाज. "आरं, वटी भरा की त्येंची!"

मग चंदू, "काकू, कोन भरनार? आमी?"

"तुमी कशी भराल? बाईला बोलवा."

प्र.भां.चा चेहरा बदलला. मी बघितलं ना, आधी डोळे बारीक झाले, मग हळूच एक "अरे!" निघालं. पण लगेच सावरून म्हणाले, नाही काकू, बाहेरच्या माणसानं सांगितलेलं खेळात धरता येत नाही. नियम आहे.

सा.बा. दारात येऊन उभ्या. पदर खोचलेला. "मंग घ्या मला आत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्याकडे! खुर्चीत मी ना. नव्या पुस्तकात आहे, मधूनच नवा गडी येऊ शकतो, गावातल्या माणसातून. मी वाचून दाखवलं. प्र.भां.नी स्वतः पुस्तक घेऊन तपासलं आणि मान हलवली.

नाव काय तुमच्या बाईचं? "गंगू." कुठे राहते? "त्या कडंच्या घरात म्हातारी हाय म्हनालीस ना मगाशी? ती न्हवं, तिची सून." मी सून घातलीच नव्हती, पण आता आहे. गंगूला हाका ऐकू आल्या, ती डोहावर आली. खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या, सगळं सा.बां.नी बिनचूक सांगितलं, मला विचारलंसुद्धा नाही. सांगताना आवाज असा की चंदूनं पाय वर घेऊन मांडी घातली. मी माहेरच्या डोहावर उभी असल्यासारखी झाले. डोळे भरून आले, लपवले नाहीत.

मग पहिल्या भेटीचे फासे. सा.बां.नी दोन्ही फासे कपाळाला लावून टाकले.

एक आणि दोन.

तीन. वर ओटीचे दोन. पाच.

पाचला त्या धरतात. सहा असते तर सोडलं असतं. एक आकडा! ओटीचे किती मिळवायचे ते फक्त मला ठाऊक, दुसऱ्या कुणी वाचलेलं नाही. ओठावर आलं होतं, तीन म्हण. म्हण तीन. सासू पहिल्यांदा खेळायला बसलीय, खुर्ची जातेय, म्हण.

"पाच," मी म्हटलं. "ओटी घेतली. म्हणून या तिघांना सोडलं. पण पाचच पडले, म्हणून भरणारीचा, गंगूचा हात धरला."

चंदू ओरडला, "वयनी! सासू हाय तुमची!"

सा.बां.नी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, "आसं. बरं. मंग आता मी काय करू?"

हात सोडवायचा असेल तर वीस पैलूंचा फासा, म्हटलं.

प्र.भा. फाशाकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. काय मनात आहे कळत नाही. खुर्चीबद्दल एक अक्षर नाही. विचारायचं धाडस नाही, आणि गंमत म्हणजे आत्ता मला त्याची आठवणही मुद्दाम काढावी लागतेय. गंगू पाण्यात उभी आहे, मला तिचंच पडलंय.

चहा आला. कपबश्या वाजतायत. सा.बां.नी बशीतला चहा संपवून हात पदराला पुसले. फासा दोन्ही तळव्यांत धरलाय.

विचारतायत, "किती पडाया पायजे गं?"

खरं तेच सांगितलं. सतरा तरी.